घंटा गेल्या, पॅरिश टिकले

वाशिंदहून कल्याणला उतरा, दिव्याला गाडी बदला आणि वसई रोड गाठा. आपल्या भागातला ख्रिस्ती इतिहास समजून घ्यायला याहून चांगली सहल नाही!

१५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि किल्ल्यापासून गावोगावी चर्चेस उभी राहिली. इथेच जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत.

मला खरा रस आहे तो १७३९ नंतरच्या काळात. त्या वर्षी मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी वसई पोर्तुगिजांकडून जिंकली. चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देवळांत पोहोचल्या. भीमाशंकरची प्रसिद्ध घंटा त्यांतलीच मानतात. मुरबाडकरांनी ती नक्की पाहिली असेल! पण वसईच्या शरणागतीच्या तहाने ख्रिस्ती रहिवाशांना धर्म पाळायची मुभा दिली होती. युरोपीय पाद्री गेले, तरी गोव्याच्या धर्मगुरूंनी पॅरिश (धर्मग्राम) सांभाळले. सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती आपली बोली आणि शेतीवाडीसकट इथेच राहिले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनची जागा मराठी मिस्साने घेतली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वसईतल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. धर्मगुरूच्या निवडीवरून तेव्हा काहींनी नाकं मुरडली. दिब्रिटोंचं मराठी वाचलेल्यांना त्याचं हसूच आलं असणार.