अडुसष्ट अंशांवर अडलेला काटा

अमेरिकेत उन्हाळ्यातल्या सुटीच्या दिवशी, विशेषतः ४ जुलैला, अनेक घरांच्या मागच्या अंगणात पहाटेपासून एक पेटी धुमसत असते. दिसायला ती लहानशा फ्रिजसारखी. तळाशी विजेवर तापणारी कॉइल, तिच्याजवळ लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे, वर पाण्याचे भांडे आणि जाळीवर मीठ-मसाला चोळलेला डुकराच्या खांद्याचा तीन-चार किलोंचा तुकडा. हा इलेक्ट्रिक स्मोकर. आतली हवा साधारण ११० अंश सेल्सिअसवर ठेवायची आणि दहा-बारा तास वाट पाहायची. संध्याकाळी त्याच मांसाचे हाताने धागे सुटतात. पावात घालून खाल्ले जाणारे ते ‘पुल्ड पोर्क’.

दुपारी मात्र हमखास एक पेच येतो. सकाळपासून भराभर चढणारा थर्मामीटरचा आकडा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान येऊन थांबतो. तास जातो, दोन तास जातात, कधी चारही. पाहुण्यांची वेळ जवळ येते. स्मोकर बिघडला असे वाटून कुणी तापमान एकदम वाढवतो, तर कुणी ‘आता झाले असेल’ म्हणत मांस बाहेर काढतो. घड्याळावर विश्वास ठेवायचा की थर्मामीटरवर, हा प्रश्न इथे चवीइतकाच आरोग्याचाही आहे.

मांसालाही घाम येतो

काटा का अडतो, याची अनेक स्पष्टीकरणे पूर्वी दिली जात. चरबी वितळण्यात उष्णता खर्च होते, असे कुणी म्हणे. कोलॅजेन विरघळण्यात होते, असे कुणी. भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लाँडर यांनी याचा छडा साध्या प्रयोगाने लावला. त्यांनी पाण्याने भिजवलेला स्पंज आणि निव्वळ चरबीचा गोळा तापवून पाहिला. चरबीचे तापमान न थांबता वाढत गेले. अडला तो ओला स्पंज.

कारण आपल्या माठातलेच आहे. माठाच्या अंगावर झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार राहते. स्मोकरमध्ये मांसाच्या पृष्ठभागावर येणारा ओलावा हेच करतो. कॉइल जितकी उष्णता देते, जवळपास तितकी बाष्पीभवन काढून घेते. पृष्ठभाग सुकून त्यावर काळपट पापुद्रा धरला की हा घाम आटतो आणि काटा पुन्हा हलतो. घाई असेल तर मांस ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावे. बाष्पीभवन थांबते आणि तापमान चढू लागते. पापुद्रा थोडा मऊ पडतो, एवढेच.

सुरक्षित निराळे, मऊ निराळे

डुकराच्या मांसाची जुनी भीती म्हणजे ट्रिकिनेला नावाचा सूक्ष्म जंत. पुरेशा उष्णतेने तो मरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठीची किमान मर्यादा ७१ अंशांवरून ६३ अंशांवर आणली. अट एकच, की आचेवरून काढल्यावर मांस तीन मिनिटे तसेच ठेवावे. म्हणजे काटा अडतो तेव्हा मांस बहुधा सुरक्षित झालेले असते. पण चावता येण्याजोगे नसते.

खांदा हा जनावराचा सतत राबणारा स्नायू. त्यात कोलॅजेन भरपूर असते. ते सावकाश, ओलसर उष्णतेत जिलेटिन होते. पायाचे सूप गार झाल्यावर थिजते, ते याच जिलेटिनमुळे. त्यासाठी मांसाचा गाभा ९० ते ९५ अंशांपर्यंत जावा लागतो आणि वेळही लागतो. ७० अंशांवर काढलेला खांदा वादीसारखा चिवट लागतो.

रंगावरूनही अंदाज बांधू नये. कोळशाच्या किंवा लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या मांसाला कडेने गुलाबी वलय येते. ते कच्चेपण नव्हे. ज्वलनात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी जोडला गेल्याची ती खूण. इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये ज्योत नसते, हा वायू कमी बनतो आणि वलय फारसे उमटत नाही. त्यामुळे गुलाबी म्हणजे कच्चे आणि तपकिरी म्हणजे शिजलेले, हा हिशेब इथे चुकतो.

धोका सुरुवातीच्या तासांत

४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू वेगाने वाढतात. मंद आचेवर मोठा तुकडा या पट्ट्यातून सावकाश सरकतो, म्हणून चार तासांच्या आत तो ६० अंशांपलीकडे जायला हवा. अखंड मांसात जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तो लवकर तापतो, ही जमेची बाजू. पण सुईने आत मसाल्याचे पाणी भरले, तर पृष्ठभागावरचे जिवाणूही आत जातात. गोठलेला तुकडा थेट स्मोकरमध्ये ठेवला, तर गाभा तासन्‌तास कोमट राहतो. म्हणून मांस फ्रिजमध्येच पूर्ण वितळू द्यावे, स्मोकर आधी तापवून घ्यावा आणि दार वारंवार उघडू नये.

धुराचा हिशेब

लाकूड अर्धवट जळताना बेंझोपायरिनसारखी संयुगे तयार होतात. बेंझोपायरिन हे सिद्ध कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून विक्रीच्या धुरवलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम ठेवली. अंगणातल्या स्मोकरमधले मांस मात्र कुणी तपासत नाही. निखाऱ्यांवर चरबी ठिबकून उठणारा धूर इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये टळतो, हा त्याचा फायदा. तरी लाकडाचा धूर उरतोच. तो पातळ, निळसर असावा. दाट पांढरा धूर मांस कडू करतो. ढलप्या हिकरी किंवा सफरचंदासारख्या कठीण लाकडाच्या घ्याव्यात, राळ असलेल्या चिडाच्या नव्हेत. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, म्हणून ‘विजेवरचे आहे’ म्हणून स्मोकर गॅरेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत लावणे जिवावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. चवीसाठी किंवा टिकवण्यासाठी धुरवलेले मांसही तिच्या व्याख्येत येते. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. तंबाखूही त्याच गटात असली, तरी दोन्हींचा धोका सारखा नाही. पुरावा तितकाच पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. सणासुदीला एकदा खाणे आणि फ्रिजमध्ये साठवून रोज सँडविचमध्ये घालणे, यात म्हणूनच मोठा फरक आहे.

अडलेल्या काट्यावरचा खरा उपाय म्हणजे जेवणाच्या वेळेआधी दोन-तीन तास हाताशी ठेवून सुरुवात करणे. मांस लवकर झालेच, तर फॉइलमध्ये आणि जाड टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ नसलेल्या आइस बॉक्समध्ये ठेवावे. ते काही तास गरम राहते. फक्त तापमान ६० अंशांखाली उतरत नाही ना, हे पाहत राहावे. जेवणानंतर उरलेले मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे आणि खाताना ७४ अंशांपर्यंत गरम करावे. सकाळी वापरलेला थर्मामीटर इथेही उपयोगी पडतो.