एकाच माणसाला तीन सायकली कशाला? 🚴

नाशिककरांनो, सायकल घेण्याआधी रस्ता ठरवा. आपल्याकडे रस्ते तीन तऱ्हेचे, म्हणून सायकलीही तीन.

🔹 रोड बाइक: टायर २५ ते २८ मिमी, वाकडं हँडल, वजन कमी. त्र्यंबकेश्वर (सुमारे ३० किमी) किंवा कसारा घाटाच्या चढासाठी हीच. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी; २०० किमीची बीआरएम साडेतेरा तासांत संपवायची असते. हलकी सायकल आणि हँडलवर हात बदलायची सोय तिथे फार कामी येते.

🔹 एमटीबी (माउंटन बाइक): दोन इंची किंवा त्याहून रुंद टायर, पुढे सस्पेन्शन. अंजनेरीच्या पायथ्याचे कच्चे रस्ते, द्राक्षबागांमधल्या मातीच्या वाटा हिच्याच. डांबरावर मात्र जड जाते.

🔹 हायब्रिड: सरळ हँडल, टायर ३५ ते ४० मिमी. ऑफिस, भाजी, गंगापूर धरणापर्यंतची सकाळची फेरी. मागे कॅरिअर, पुढे-मागे दिवे लावून घ्या.

सुरुवात हायब्रिडनेच करा. वर्षभर चालवा, कोणत्या रस्त्याची ओढ लागते ते बघा, मगच दुसरी घ्या. प्रत्येक सायकलची साखळी, ब्रेक आणि टायरमधली हवा सांभाळायला वेळ लागतो, तोही हिशोबात धरा.

आणि प्रेरणा घरचीच आहे! नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किमीची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली.

तुमच्याकडे कोणती सायकल आहे आणि ती कोणत्या रस्त्यावर सर्वाधिक चालते? नक्की सांगा.

#नाशिक #सायकल