एक ॲम्प्लिफायर, दोन आवाज



जुन्या रॉक संगीताचा खरखरीत पण मोकळा आवाज आणि हेवी मेटलचा दाट, गर्जणारा आवाज, हे दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरमधून हवे असतील तर तो कसा निवडावा, हा आजचा विषय. मी स्वतः वादक नाही. परंतु आमच्या युनियनच्या सभासदांची मुले आज इलेक्ट्रिक गिटार वाजवितात. बापाच्या बोनसमधून किंवा हप्त्याने घेतलेली ही वस्तू निरुपयोगी ठरली, तर दुकानदाराचे काही जात नाही. कामगाराच्या घराचे जाते. म्हणून माहीतगारांना विचारून आणि मिळेल ते वाचून हा प्रश्न मी समजावून घेतला. तोच आपल्यापुढे मांडतो.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. ॲम्प्लिफायर ती दोन टप्प्यांत वाढवितो. पहिला टप्पा प्रीॲम्प. येथे आवाजाला रंग चढतो. दुसरा पॉवर ॲम्प. तो स्पीकर हलविण्याचे बळ देतो. प्रत्येक टप्प्याला मर्यादा आहे. तिच्यापलीकडे रेटले की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आवाजात नवे उपस्वर मिसळतात. हेच डिस्टॉर्शन. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष आहे. रॉकच्या वादकांनी त्याचाच गुण केला. मात्र हे डिस्टॉर्शन कोणत्या टप्प्यात उत्पन्न होते, यावर सारी निवड अवलंबून आहे.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकेतून येणारे फेंडर कंपनीचे ॲम्प्लिफायर इंग्लंडमध्ये फार महाग पडत. म्हणून १९६२ साली केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने, फेंडरच्या ‘बॅसमन’चा आराखडा पुढे ठेवून, मार्शलने आपला पहिला ॲम्प्लिफायर तयार केला. पुढे शंभर वॅटचे आले. या जुन्या यंत्रांत आवाज एकंदर कमी करणारे वेगळे बटण नव्हते. यंत्र रंगात यावे तर ते मोठ्यानेच वाजवावे लागे, आणि मग पॉवर ॲम्पचे व्हॉल्व्हही ताणले जात. जुन्या रॉकचा आवाज तो हाच. त्याचा विशेष असा की, तार हलकेच छेडली तर स्वर स्वच्छ निघतो आणि जोराने छेडली तर तो गुरगुरतो. वादकाचा हात त्यात ओळखू येतो.

दुसऱ्या आवाजाची वाट निराळी. कॅलिफोर्नियात १९७०च्या सुमारास रँडल स्मिथने फेंडरच्या छोट्या यंत्रात प्रीॲम्पचा जादा टप्पा बसविला. त्यातूनच मेसा बूगी निघाला. १९७५ साली मार्शलनेही मास्टर व्हॉल्यूम दिला. १९८७चा सोल्डानो, १९९२चा पीव्ही ५१५० यांनी हीच वाट पुढे नेली. येथे प्रीॲम्पमधील व्हॉल्व्ह एकामागून एक संकेत फुगवीत आणि छाटीत जातात. यालाच हाय गेन म्हणतात. त्यामुळे बेताच्या आवाजातही गर्जना मिळते; परंतु खरखर आणि घरघरही तेवढीच वाढते, आणि हलका हात व भारी हात यांतला फरक जवळजवळ पुसला जातो.

या जड संगीताचा एक आद्यवादक कामगारच होता. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरविला. आजही या संगीतात तारा खाली उतरवितात. असा खर्ज जसाच्या तसा डिस्टॉर्शनमध्ये गेला की आवाजाचा चिखल होतो. म्हणून खर्ज आधी थोडा छाटण्याची सोय यंत्रात हवी. नसल्यास पुढे ओव्हरड्राइव्हचे पेडल जोडून, त्याचा गेन कमी व आवाज अधिक ठेवून, तेच काम साधते.

आता निवडीकडे वळू. दोन आवाज हवे असतील तर दोन स्वतंत्र चॅनेल पाहावे, आणि प्रत्येकाला गेन व व्हॉल्यूम निराळा असावा. टोनची बटणेही निराळी असतील तर उत्तम. पैसे तेवढे नसतील तर जुन्या पद्धतीचे एकच चांगले चॅनेल घ्यावे व जादा गेन पेडलने मिळवावा. केवळ गर्जना करणाऱ्या यंत्रातून मोकळा आवाज काढणे त्याहून कठीण.

वॅटच्या आकड्याला भुलू नये. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. तेव्हा शंभर वॅट हे दहा वॅटच्या दहापट नव्हेत, दुपटीच्या आसपास. ड्रमसोबत वाजवायला वीस वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बहुधा पुरतो. चाळीतल्या खोलीत एक-दोन वॅटही पुष्कळ. तेथे डिजिटल ॲम्प्लिफायर घ्यायला लाजू नये. व्हॉल्व्ह तेवढे कुलीन, ही समजूत आपण सोडावी.

दुकानात आपलीच गिटार न्यावी. गेन निम्म्यावर ठेवून गिटारवरचा व्हॉल्यूम उतरवावा. आवाज निवळतो का पाहावे. मग हाय गेनवर जाड तार तळहाताने दाबून वाजवावी. हात थांबताच आवाज थांबला पाहिजे. दोन्ही परीक्षांत उतरेल ते यंत्र आपले.

शेवटी, ज्याची सवय मला आहे ते सांगतो: सुरक्षितता. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर स्पीकर जोडल्याशिवाय चालवू नये. स्पीकरचे ओहम जुळवून घ्यावे. प्लग काढल्यावरही आत प्राणघातक वीज साठलेली असू शकते, म्हणून तो घरी उघडू नये. अमेरिकेचे १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नये. आणि कान सांभाळावे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ही कामाच्या जागेची धोक्याची रेषा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतो तो पाव तास. मागाच्या खात्यात आयुष्य काढलेल्या विणकरांशी मी मोठ्याने बोलत आलो आहे. त्यांना तो गोंगाट पोटासाठी सोसावा लागला. त्यांच्या नातवंडांनी तो हौसेने ओढवून घेऊ नये. कानात बोळे घालावे, आणि मग खुशाल गर्जावे.