जुन्या मोटारीला नवा ब्रेक

मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निघून गेली. परंतु हौसेने जपलेल्या फियाट ११०० आणि पद्मिनी मोटारी अजून धावतात. त्यांच्या चारी चाकांना ड्रम ब्रेक, आणि सारा जोर चालकाच्या पायाचा. आता मालक म्हणतो, "पॉवर ब्रेक बसवा." बसविणारा आमचा कारागीर. म्हणून कोणता भाग कशासाठी घ्यावयाचा, हे दोघांनाही कळले पाहिजे.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा डबा. मध्ये रबरी पडदा. इंजिन डब्यातील हवा ओढून घेते. पेडल दाबताच पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे रेटते. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा असल्यास क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो दाब धरला, तरी जवळजवळ १९० किलोंचा जोर मिळतो. डिझेल इंजिन असेल, तर मात्र निराळा व्हॅक्यूम पंप लागतो.

पण एवढ्याने मोटार लवकर थांबते असे नाही. थांबविते ती टायरची पकड. बूस्टर फक्त पायाचे कष्ट वाचवितो. म्हणून आधी लायनिंग, रबरी नळ्या व टायर पाहावेत.

मग मास्टर सिलिंडर. २५ मिलिमीटरऐवजी २२ चा घेतला, तर तेवढ्याच जोरात तेलाचा दाब सुमारे २९ टक्के वाढतो. परंतु पेडल तितकेच खोल जाते. पुढे डिस्क बसविल्यास ड्रमसाठी दाब राखून ठेवणारी झडप त्या मार्गातून काढावी, नाहीतर पॅड सतत घासतात. मागची चाके आधी अडकू नयेत म्हणून तिकडचा दाब कमी करणारी झडप घालावी. सिलिंडर दुहेरी मार्गाचाच घ्यावा. एक नळी फुटली तरी दुसरी जोडी चालते. अमेरिकेत १९६८ पासून तो सक्तीचा झाला.

शेवटी परीक्षा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो.

मालक रंगावर हजारो खर्चतो आणि झडपेपाशी घासाघीस करतो. आमचे म्हणणे एवढेच, की हलका भाग बसविण्यास कारागिराने स्वच्छ नकार द्यावा, आणि त्या नकारापायी त्याची मजुरी बुडू नये. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा त्या सौद्यात काही वाटा नसतो. किंमत मात्र तोच मोजतो.