बिनकामाची सुरतवारी

'सुरतचे जमण आणि काशीचे मरण' ही म्हण गुजरातेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना सांगायला नको. आपल्या घरांना सुरतेची आणखी एक ओळख आहे. शिवछत्रपतींनी १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात ती लुटली, हे आपण लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. तेव्हा सुरतेला जायचे ते एक तर जेवायला, नाही तर इतिहासाची उजळणी करायला. लग्नाच्या बस्त्यासाठी जाणारेही पुष्कळ. गेल्या जानेवारीत शनिवार-रविवार गाठून मी सुरतेला गेले ती यांपैकी कशासाठीच नाही. आणि गेले ती एकटी.

यातले 'एकटी' शेजारच्या काकूंना फारसे खुपले नाही. खुपले ते 'कशासाठीच नाही' हे. "कुणाचं बाळंतपण आहे का हो?" त्यांनी विचारले. "मग लग्न? आजारपण?" बाई घराबाहेर पडली म्हणजे पुढे काहीतरी कार्य उभे असलेच पाहिजे, हा त्यांचा हिशेब. तो चुकीचा तरी कसा म्हणावा? मी मूळची वसईची कॅथलिक. लग्न होऊन बडोद्यास आले त्याला चाळीस वर्षे होत आली. या चाळीस वर्षांत आगगाडीत थोडी का बसले! पण प्रत्येक प्रवासाला एक नाव आहे: नणंदेचे बाळंतपण, भाच्याचे लग्न, आईचे अखेरचे दुखणे, वेलांकणीचा नवस. नुसते पाहायला म्हणून केलेला प्रवास त्यांत एकही नाही.

मनातून पाहायचे होते ते रोम. ओळखीची मंडळी तिकडे यात्रेला जाऊन येतात, फोटो दाखवतात. माझ्या गुडघ्यांना आणि पासबुकाला ते झेपणारे नव्हते. मग विचार आला, एके काळी युरोपच सुरतेस येऊन राहिला होता. पोर्तुगीजांची गलबते आली, मग इंग्रज, डच आणि फ्रेंच यांच्या वखारी झाल्या. कॅपुचिन पाद्री आले. ते सगळे बडोद्यापासून अवघ्या दोन-अडीच तासांवर. एक पिशवी, एक शाल, जपमाळ आणि डब्यात दशम्या एवढे घेऊन मी शनिवारी पहाटे निघाले.

उतरण्याच्या जागी कारकुनाने आधी माझे आधारकार्ड पाहिले, मग माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिले. "एकलां ज छो?" मी मान डोलावली. "कोने मळवा आव्यां छो?" कोणाला भेटायला आलात, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर तयार नव्हते. "तापीने," मी म्हटले. तो हसला आणि त्याने नदीच्या बाजूची खोली दिली.

तापीकाठचा किल्ला मी प्रथम पाहिला. आता त्याची चांगली डागडुजी होऊन आत संग्रहालय झाले आहे. पण माझे लक्ष दालनांपेक्षा भिंतींवरच अधिक खिळले. १५१२, १५३० आणि १५३१ असे तीनदा पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. त्यांना थोपविण्यासाठी सुलतान महमूदशहाच्या अमदानीत, १५४० नंतरच्या काही वर्षांत, खुदावंद खानाने हा कोट बांधला. याच गुजरातच्या सल्तनतीकडून १५३४ साली पोर्तुगीजांनी आमची वसई मिळविली, आणि त्यांच्याबरोबर आमच्या घरात क्रूस आला. ज्यांनी माझ्या पूर्वजांना बाप्तिस्मा दिला त्यांच्याच भीतीने घातलेल्या भिंतीला मी हात लावून उभी होते. माझ्या धर्माबद्दल मला संकोच नाही. पण तो ज्या गलबतांतून आला त्यांत दुसरे काय काय होते, हे त्या दगडांनी सांगितले ते मी ऐकून घेतले.

या बंदरातून बायकाही समुद्रावर गेल्या. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली ती बायकांचा तांडा घेऊन. सुरतेस तिला जवळजवळ वर्षभर मुक्काम करावा लागला, कारण समुद्रावर सत्ता पोर्तुगीजांची आणि त्यांच्या परवान्यावाचून जहाज हाकारणे धोक्याचे. त्या परवान्यांवर येशूची व मरियेची चित्रे असत, ही तक्रार त्या काळचा इतिहासकार बदाऊनी याने लिहून ठेवली आहे. माझ्या देव्हाऱ्यातली पवित्र माता कोणा दुसऱ्या भाविक बाईच्या वाटेत जकातीची चौकी होऊन बसली होती! गुलबदन १५८२ साली परतली. पुढे तिने 'हुमायूननामा' लिहिला. त्याची जी प्रत उरली आहे ती अपुरी आहे. तीत ही यात्रा नाही.

दुपारी कतारगाम दरवाजाकडच्या युरोपीय कबरस्तानांत गेले. तिथले घुमट पाहून प्रथम वाटावे की हे मोगली मकबरे. इंग्रज वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ साली वारला. महाराजांच्या पहिल्या स्वारीत वखार राखून बसलेला तो हाच. धाकटा भाऊ ख्रिस्तोफर याच्याबरोबर तो एकाच भव्य इमारतीखाली निजला आहे. डचांच्या बाजूला व्हान ऱ्हेडे याची कबर आहे. मलबारातल्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ ज्याने सिद्ध केला, तो १६९१ साली मुंबईजवळ समुद्रावर वारला आणि त्याला इथे आणून पुरले. मायदेशी यांना एवढा घुमट मिळाला असता की नाही, कोण जाणे.

आर्मेनियन मंडळींचे दगड मात्र जमिनीसरसे आहेत. त्यांची लिपी मला वाचता येत नाही. पण मेस्रोव्ह सेठ या संशोधकाने सुरतेतला सर्वांत जुना म्हणून जो आर्मेनियन शिलालेख नोंदला, तो एका बाईचा. नाव मारिनास. वोस्कान नावाच्या धर्मगुरूची ती पत्नी, (त्यांच्या पंथात धर्मगुरू लग्न करतात). १५७९ च्या नोव्हेंबरात, त्रेपन्नाव्या वर्षी ती वारली. म्हणजे १६०८ साली पहिले इंग्रजी जहाज सुरतेस लागले त्याच्या एकोणतीस वर्षे आधी ही बाई इथे मातीआड झाली होती. ती कोणत्या वाटेने आली, वाटेत काय पाहिले, सुरतेचे पाणी तिला मानवले का? दगडावर ती 'अमक्याची पत्नी' आहे, एवढेच.

रात्री खोलीत दशमी खाताना आणखी दोघी आठवल्या. विल्यम हॉकिन्स या इंग्रजाला जहांगीर बादशहाने एक आर्मेनियन ख्रिस्ती मुलगी करून दिली. तिचे नाव मरियम असे सांगतात. ती नवऱ्याबरोबर इंग्लंडला निघाली. नवरा वाटेतच गेला. ती लंडनला पोहोचली, तिथे गेब्रिएल टॉवर्सन याच्याशी तिचे दुसरे लग्न झाले आणि १६१७ साली ती पुन्हा सुरतेस उतरली. दोन वर्षांनी टॉवर्सन एकटाच विलायतेला परत गेला. ही मागे राहिली.

दुसरी मारिउच्चा, जॉर्जियाची पोरकी कॅथलिक मुलगी. रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ च्या फेब्रुवारीत सुरतेस आला तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. त्याची पत्नी मानी इराणात वारली होती. तिचा देह मसाले भरून पेटीत घालून तो घेऊन हिंडत होता. मानीनेच या मुलीला सांभाळले होते. सुरतेहून खंबायत, गोवा, बसरा, अलेप्पो असे करीत १६२६ साली तो रोमला पोहोचला. तिथे मानीला मूठमाती मिळाली आणि मारिउच्चा त्याची दुसरी पत्नी झाली. मला जे रोम जमले नाही ते सुरतेवरून गेलेल्या या पोरीने पाहिले. पण ते तिला कसे दिसले हे कळायला मार्ग नाही. देल्ला व्हाल्लेची पत्रे छापली गेली, अजून वाचली जातात. तिची एक ओळ नाही.

रविवारी सकाळी मिस्सेला गेले. सुरत बडोदे धर्मप्रांतातच येते, तेव्हा तशी मी घरच्याच देवळात होते म्हणा. केरळच्या परिचारिका, दक्षिण गुजरातचे आदिवासी बांधव, एखाददुसरे गोवेकर कुटुंब, प्रार्थना गुजरातीतून. तिथे मला फादर ॲम्ब्रोज आठवले. महाराजांनी सुरत लुटली तेव्हा या फ्रेंच कॅपुचिन पाद्रीच्या मठाला धक्का लावला नाही, असे त्या काळी हिंदुस्थानात असलेल्या बर्निये या प्रवाशाने लिहिले आहे. पाद्री लोक चांगले आहेत, हे महाराजांच्या कानी होते. डचांचा एक दलाल, मोहनदास पारेख, हयात नव्हता; पण त्याच्या दानधर्माची आठवण ठेवून त्याचेही घर सोडले. मराठी म्हणून आणि कॅथलिक म्हणून, दोन्ही नात्यांनी मला ही हकीकत प्रिय आहे. ती आपल्यापर्यंत आली, कारण बर्नियेने ती लिहिली.

दुपारच्या गाडीआधी पोंक घेतला. आपल्याकडे त्याला हुरडा म्हणतात. परतीच्या वाटेवर भरूचला नर्मदा ओलांडताना मनात आले ते बडोद्याचेच. आपल्या घरांत सनदा जपलेल्या आहेत. कोणता पूर्वज गायकवाडांच्या पदरी केव्हा लागला, त्याला काय मिळाले, हे रुमाल सोडले की सापडते. पण त्या घरातली पहिली सून कोकणातून की देशावरून, गाडीतून की डोलीतून, कितव्या वर्षी निघाली, वाटेत कुठे रडली आणि काय पाहून हरखली, हे कोणत्याच रुमालात नाही. पंडिता रमाबाईंचे इंग्लंडच्या प्रवासाचे पत्र १८८३ साली मराठीत छापून निघाले. त्याच काळात आपल्या आज्या-पणज्याही प्रवास करीतच होत्या. विचारले कोणी?

ज्यांच्या घरी अजून कोणी आजी, आत्या, काकू आहे त्यांनी या रविवारी एक वही काढावी आणि विचारावे: तुम्ही प्रथम बडोद्याला आलात त्या दिवशी खिडकीतून काय दिसत होते? त्या "त्यात काय सांगायचंय!" असे म्हणतील. वही मिटू नये. चहा ठेवावा आणि थांबावे.