बर्फात जपलेला पावसाचा इतिहास

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडीजवळच्या वडपे परिसरातून जाताना गोदामांच्या रांगा लागतात. गोठवलेला माल टिकवायचा, तर कारखान्यापासून दुकानापर्यंत थंडीची साखळी कोठेही तुटता कामा नये, हे गोदामवाल्यांना सांगावे लागत नाही. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रात हाच नियम अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो. कारण तेथील शीतकोठारांत उणे २० अंश सेल्सिअसला जपलेला माल आहे अंटार्क्टिकाचे हिमगाभे!

हिमगाभा म्हणजे हिमनदीतून किंवा हिमथरातून काढलेला बर्फाचा दंडगोल. वर्षानुवर्षे पडलेला हिम भाराखाली दबून बर्फ होतो आणि त्या-त्या काळची हवा व धूळ त्यात बंदिस्त होते. अंटार्क्टिकातील 'डोम सी' येथील गाभ्याने असा आठ लाख वर्षांचा हवामानाचा इतिहास उलगडला.

गाभा काढण्यासाठी टोकाला पाती बसवलेली पोकळ नळी फिरवत खाली उतरवतात. खोल विवर बर्फाच्या दाबाने मिटू नये म्हणून त्यात न गोठणारा द्रव भरतात. वर आलेल्या प्रत्येक तुकड्यावर खोली आणि वरची बाजू नोंदवून तो स्वच्छ पिशवीत, मग उष्णतारोधक पेटीत ठेवला जातो. प्रयोगशाळेत हाताळणीने दूषित झालेला बाहेरचा थर काढून टाकूनच तपासणी होते.

वितळलेले पाणी पुन्हा गोठवता येते. पण निसटलेली हवा आणि विस्कटलेले थर परत मिळत नाहीत. २०१७ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात शीतयंत्रणा बिघडून सुमारे १८० मीटर गाभा वितळला. हजारो वर्षांची नोंद जमिनीवरचे पाणी होऊन वाहून गेली.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. १९९७ मध्ये तिबेटमधील दासुओपु हिमनदीवर, सुमारे ७२०० मीटर उंचीवर, अमेरिकी शास्त्रज्ञ लॉनी थॉम्प्सन यांच्या पथकाने काढलेल्या गाभ्यांत १७९० ते १७९६ या काळातील धुळीचे प्रमाण ठळकपणे वाढलेले आढळले. मान्सूनने दगा दिल्याची ती खूण होती. त्याच सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता.

आता हिमालयातील हिमनद्या वितळत आहेत. वरून झिरपणारे पाणी जुने थर पुसत आहे. ही पाने जागच्या जागी पुसली जाण्यापूर्वी काढून कोठारात पोहोचवायची आहेत. आणि तेथे पोहोचल्यावर थंडीची साखळी एक दिवसही तुटू द्यायची नाही.