काचेच्या पोटात

माझ्या काकांचा गॉगल १९८० च्या आसपास बहरीनहून आला. सोनेरी तारेची फ्रेम, हिरवट काळी काच, तपकिरी चामडी पाकीट. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत तो काकांच्या नाकावर तरी आहे, नाहीतर खिशात तरी. काका गेल्यावर काकूंनी तो माझ्या हातात ठेवला. पहिल्यांदा घालून बाहेर पडलो आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागलं. काचेवर चरा नव्हता, डाग नव्हता. मग बिनसलं कुठे होतं?

जुना माल बघणारा माणूस आधी फ्रेमवरचं नाव वाचतो, बिजागऱ्या हलवतो, मग गॉगल लावून आभाळाकडे बघतो. आभाळात एकही सरळ रेघ नसते, त्यामुळे तिकडे बघून काही कळत नाही. त्यात मेंदू फार समजूतदार. वाकडं दिसलेलं तो गुपचूप सरळ करून घेतो आणि बिल कपाळाच्या नावावर फाडतो. म्हणून गॉगल डोळ्यांवरून काढून हातात धरायचा.

सुरुवात ट्यूबलाइटपासून. काचेत ट्यूबचं प्रतिबिंब पकडायचं आणि काच हळूहळू कलती करत ते या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवायचं. नीट घासून पॉलिश केलेल्या काचेत ती पांढरी रेघ धनुष्यासारखी वाकते, पण वाकते एका लयीत. मध्येच थरथरली तर तिथे काच लाटेरी आहे. काकांच्या गॉगलची उजवी काच या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली. डावीत रेघ दोन ठिकाणी लचकली.

मग हात लांब करून, दूरच्या खिडकीचा उभा गज काचेतून बघत गॉगल आडवा हलवला. बिननंबरी काचेत गज जागचा हलत नाही. काचेच्या बरोबरीने सरकला तर उणे नंबर, उलट दिशेला गेला तर अधिक नंबर. डावीकडचा गज काचेबरोबर किंचित सरकत होता. चष्म्याच्या दुकानात लेन्सोमीटरवर हेच आकड्यात कळतं, आणि ओळखीचा दुकानदार त्याचे पैसेही घेत नाही.

आता संशय होता तो काच बदलली असल्याचा. काकांचा गॉगल रे-बॅन. १९३७ साली वैमानिकांच्या गॉगलला हे नाव देणारी बॉश अँड लोम ही अमेरिकेतल्या रोचेस्टरची कंपनी, १८५३ पासूनची. पहिल्या महायुद्धात जर्मनीची काच यायची बंद झाली, तेव्हा भिंगांची काच स्वतःच ओतणारी. १९९९ मध्ये तिने गॉगलचा धंदा इटलीच्या लक्झोटिकाला विकला. त्याआधीच्या शेवटच्या काही दशकांतल्या काचांवर बाहेरच्या कडेला, बिजागरीजवळ, ‘बीएल’ ही दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली सापडतात. नंतरच्या काचांवर ‘आरबी’. अक्षरं इतकी बारीक की तिरप्या उजेडात भिंग लावूनच दिसावीत. उजव्या काचेवर ती होती. डावीवर नव्हती.

सगळ्यात सुंदर परीक्षा मात्र पुढची. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडून उजेड पूर्ण वाढवायचा. हा उजेड मुळातच एका प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित असतो. एक पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवत राहिलं की एका कोनात पडदा काळा होतो. तिथे थांबून तपासायची काच मध्ये धरायची. काचेत ताण नसेल तर काळं ते काळंच राहतं. ताण असेल तर काळोखात उजेडाच्या आकृत्या उमटतात. ताणलेल्या काचेचा हा गुण डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ च्या सुमारास दाखवून दिला.

गॉगलच्या काचेत थोडा ताण मुद्दाम घातलेला असतो. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चष्म्याच्या काचा आघात सोसणाऱ्या हव्यात असा नियम केला. सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटरवरून पडली तरी काच फुटता कामा नये. त्यासाठी काच तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन निववत. अशा काचेत काळोखावर फुलीसारखी आकृती दिसते. दुसरी रीत वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवण्याची. ती काचही कणखर होते, पण या घरगुती परीक्षेत फुली दाखवत नाही. त्यामुळे फुली नाही म्हणजे काच कच्ची, असा निकाल लगेच देऊ नये. उलट फक्त कडेला, स्क्रूच्या बाजूला उजेडाचा झोत दिसला, तर फ्रेम काचेला आवळते आहे. स्क्रू जरा सैल करावा. पुढचा टवका तिथूनच उडतो. हे टवके फ्रेमच्या खोबणीत दडून बसतात आणि काच उतरवल्याशिवाय दिसत नाहीत. टवका उडालेली काच मी तरी डोळ्यासमोर ठेवणार नाही, गाडी चालवताना तर नाहीच.

पोलराइज्ड गॉगल जुने असतील तर त्यांचं दुखणं वेगळं. एडविन लँडने १९२९ मध्ये शोधलेल्या ध्रुवक पत्र्यापासून ही जात निघाली. दोन थरांमध्ये पातळ फिल्म चिकटवलेली असते आणि घाम व उष्णता यांनी हा जोड कडेकडून सुटतो. कडेला चंदेरी कोर किंवा इंद्रधनुषी डाग दिसला की तो गॉगल सोडून द्यावा. प्लॅस्टिकच्या काचांचा शत्रू गाडीचा डॅशबोर्ड. उन्हात प्लॅस्टिक जास्त फुगतं, वरचा कडक थर तेवढा फुगत नाही आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. त्या पुसून जात नाहीत.

‘जुन्या काचेचं अतिनील संरक्षण उतरतं’ ही भीती मात्र खनिज काचेच्या बाबतीत मला पटत नाही. तिथे किरण अडवणारी द्रव्यं काचेच्या रसातच असतात. विल्यम क्रूक्सने १९१३ मध्ये काचकामगारांच्या मोतीबिंदूसाठी तीनशेहून अधिक मिश्रणं ओतून पाहिली, ती याच वाटेने. खात्री हवी असेल तर ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चचा झोत काचेतून नोटेच्या क्रमांकावर टाकावा. क्रमांक चमकला नाही तर तो किरण अडला. स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ च्या असतात, त्यांच्यावरून फारसं कळत नाही. टॉर्चकडे थेट बघू मात्र नये. पूर्ण उत्तर दुकानातल्या यूव्ही मीटरवर मिळतं.

काकांच्या उजव्या काचेत फुली स्वच्छ दिसली. डावी काळीच राहिली. लाटेरी, किंचित नंबराची, बिनखुणेची. एवढं सगळं जुळल्यावर शंका उरली नाही. काकूंना विचारलं तेव्हा त्या हसल्या. एका गणपतीत गॉगल पायरीवर पडला होता, डावी काच फुटली, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत घालायचा म्हणून काकांनी त्याच दिवशी तालुक्याला जाऊन दुसरी बसवून आणली होती.